चौदा ओळी

बातमी आली तेव्हा धाकटीचा डबा अर्धा व्हायचा होता. कारखान्यातला वाफेचा पाइप छताला चौदा हँगरनी टांगलेला होता. त्यातला बारावा तुटला आणि खालून जाणाऱ्या फिटरचा पाय गेला. कोणत्या हँगरवर किती भार येईल याचं गणित धाकटीचं, तपासणीची सही मास्तरांची.

धाकटी काही तिचं नाव नव्हे. सहा वर्षांपूर्वी ती आली तेव्हा ऑफिसात सगळ्यांत लहान होती. पुढे नवी भरतीच झाली नाही, म्हणून धाकटीच राहिली. मास्तर निवृत्तीला टेकलेले. कॉम्प्युटरला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. गणित कागदावर द्यायचं, तेही एका पानात, असा त्यांचा खाक्या. मग ते लाल पेन्सिलीनं प्रत्येक ओळीपुढे ठिपका देत, तळाशी ओळींचा आकडा लिहीत आणि सही ठोकत. इतरांच्या कागदांची ते सालटी काढत. धाकटीच्या कागदाला मात्र चहा निवायच्या आत सही मिळे, आणि याचा तिला केवढा अभिमान होता.

तिनं फाइल उघडली. पडद्यावर हँगरवरच्या भाराचा तक्ता होता, दहा ओळींचा. हँगर तर चौदा. सॉफ्टवेअरमध्ये तक्त्याची चौकट जेवढी ताणावी तेवढ्याच ओळी दिसतात. बाकीच्या आत दडून राहतात, सरकवल्या की वर येतात. पान एकच हवं म्हणून तिनंच चौकट आखडली होती. कागद द्यायच्या शेवटच्या दिवशी नकाशात बाराव्या हँगरजवळ जड व्हॉल्व्ह आला. तिनं वजन बदललं, दिसणाऱ्या दहा ओळी पाहिल्या, काही हललं नाही म्हणून निर्धास्त झाली आणि छापून मोकळी झाली. कागदावर ओळी सरकवता येत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

आता तिनं चौकट खाली ओढली. बाराव्या ओळीत भार मर्यादेच्या दीडपट होता.

मग तिनं जुना कागद काढला. लाल ठिपके दहा. तळाशी मास्तरांच्या ठसठशीत अक्षरात: ‘ओळी १४, तपासल्या.’

साहेबांनीही तो कागद पाहिला होता. ते दार लोटून म्हणाले, “सही त्यांची आहे, आकडाही त्यांचा. महिनाअखेर ते जातातच. तू कशाला मध्ये पडतेस?”

म्हणजे खापर म्हाताऱ्याच्या डोक्यावर फोडायचं. धाकटीला शरम वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच तिला जास्त शरम वाटली. ती कागद घेऊन मास्तरांच्या टेबलाशी गेली.

“चौकट मी लहान केली होती, मास्तर. चार ओळी छापल्याच गेल्या नाहीत.”

मास्तरांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. “हँगर चौदा, असं तू सांगितलं होतंस. मी मोजलं नाही. तुझं कशाला मोजायचं, म्हटलं.”

चौकशीत तिनं सगळं सांगितलं. तिची बढती अडली. मास्तरांचा निरोप समारंभ रद्द झाला. फिटरचा पाय काही परत आला नाही.

महिना संपायला चार दिवस असताना तिनं दुसऱ्या एका कामाचा तक्ता छापून त्यांच्यापुढे ठेवला. मास्तरांनी चहा बाजूला सारला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत पुटपुटत मोजलं. नऊ.

“खाली अजून काही आहे?”

“नाही, मास्तर. नऊच आहेत.”

त्यांनी मान डोलावली. पेन्सिल उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, तिच्या टेबलापाशी आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “तो माऊस कसा धरायचा, दाखव.”

तिनं दाखवलं. त्यांनी तक्त्याची चौकट खाली ओढली, पडद्याच्या तळापर्यंत. खाली काही नव्हतं. तरी ते आणखी ओढत राहिले, आणि धाकटी शेजारी उभी राहून बघत राहिली.