स्लिपरला मंजुरी

इस्पितळात दुभाष्या म्हणून मी एकोणतीस वर्षं काढली. त्यात मोडलेले नियम शून्य. बढाई नव्हे, पुढचं नीट कळावं म्हणून सांगतोय.

अरबीखेरीज काही न येणाऱ्या एका म्हाताऱ्याची बायको आमच्याकडे वारली. तिचं मागे राहिलेलं सगळं एका पिशवीत मावलं: चष्मा, कंगवा आणि घरात घालायच्या निळ्या स्लिपर. पिशवी सामानाच्या खोलीत, खोलीची किल्ली तिथल्या रखवालदाराकडे; सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. पिशवी हवी तर नातेवाइकाच्या भाषेतल्या यादीवर त्याची सही लागे, आणि यादीतले शब्द मंजूर कोशातलेच लागत. कोशात मूत्रपिंडाला अरबी शब्द होता, स्लिपरला नव्हता. जवळचा म्हणून मी बुटाचा शब्द घातला.

म्हाताऱ्याने वाचलं आणि पेन खाली ठेवलं. तिने जन्मात बूट घातले नाहीत, म्हणाला, हे दुसऱ्या कुणाचं सामान असणार. मी म्हटलं, बाबा, आत स्लिपरच आहेत, डोळे झाकून सही ठोका.

"उभ्या जन्मात तिच्याशी खोटं बोललो नाही रे पोरा. आता चपलेसाठी बोलू?"

मग मी 'शिबशिब' लिहिलं. घरोघरी बोलतात तो शब्द. म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. कुलूपकाकांना अरबी ओ की ठो येत नव्हतं. ते अक्षरांचे आकार कोशाशी ताडून बघत. त्यांनी कोश उघडला, मिटला आणि यादी परत केली.

शब्द कोशात घेण्याचा प्रस्ताव समितीकडे गेला. समितीत तिघे; अरबी एकालाही येत नसल्याने निःपक्षपाती. पहिल्याने टाचेला पट्टा आहे का विचारलं. दुसऱ्याने नमुना मागवला. नमुना पिशवीत, पिशवी मंजुरीवाचून कुलपात. तिसरे रजेवर.

म्हातारा दर मंगळवारी येऊन बाकावर बसायचा. सकाळी उठलं की पलंगाखाली तिच्या स्लिपरची जागा रिकामी दिसते, एवढंच सांगायचा. पुढेपुढे तो पिशवीचं विचारेनासा झाला. शब्द आला का, एवढंच विचारी.

न सोडवलेलं सामान नव्वद दिवसांनी जाळायचं, असा नियम. मी मुदतवाढीचा अर्ज केला, रीतसर, वरिष्ठांमार्फत. तो वरिष्ठांच्या टेबलावर असतानाच, एक्याण्णवाव्या दिवशी पिशवी भट्टीत गेली. चौऱ्याण्णवाव्या दिवशी मंजुरी आली. तीन सह्या, गोल शिक्का.

शब्द कोशात चढला. त्याचा पहिला वापर करण्याचा मान माझा. पत्र लिहिलं: आपल्या पत्नीचा चष्मा, कंगवा व शिबशिब नियमानुसार नष्ट करण्यात आले आहेत.

मंगळवारी म्हाताऱ्याने ते बाकावर बसून वाचलं. त्या शब्दावर बोट ठेवलं.

"आता बरोबर लिहिलंस," म्हणाला, आणि पोच म्हणून सही केली.