बटण

शिवतेज गेला आणि आकाराम फौजीचं डोकंच फिरलं. फिरणार नाहीतर काय! एकुलतं एक, विशीतलं पोरगं. काल दिवेलागणीला रहिमतपूर रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर शेतातनं वर चढत होता, त्याच्यावर शिवतेजची मोटरसायकल धडकली. छातीचा पार चेंदामेंदा झाला. बापानं तो डोळ्यांनी बघितला होता.

सकाळी पंचनाम्यासाठी पोलिसांनी धुळा नावाच्या ट्रॅक्टरवाल्याला जागेवर आणलं. जत तालुक्यातला गडी, काल लोकांनी हाणल्यामुळं तोंड सुजून भोपळा झालेलं. सोबत हवालदार दोनच. आणि आकारामचा पुतण्या जयराज भावकीतली पंचवीस-तीस टाळकी घेऊन काठ्यांसकट उभा!

"काका, तुमी फकस्त हू म्हना."

"लाइट दिसत असताना आडवा आला ह्यो. जित्ता सोडू नगा रं ह्याला!" आकाराम गरजला.

तेवढ्यात अपघाताची तपासणी करणाऱ्या उत्कर्षा मॅडमनी त्याला मोटरसायकलपाशी बोलावलं. फुटक्या हेडलाइटमधला बल्ब त्यांनी जपून बाहेर काढला होता.

"काका, फौजेत तुम्ही गाड्याच दुरुस्त करायचात ना? मग ही आतली तार बघा. दिवा पेटलेला असता तर ती तापून मऊ झाली असती, धडकेत ताणून लांबली असती. ही जशीच्या तशी आहे. म्हणजे दिवा बंद होता. ही गाडी चालू केल्याबरोबर दिवा आपोआप लागतो, पण कुणीतरी वायर तोडून वेगळं बटण बसवलंय."

कुणीतरी! दिवसाढवळ्या दिवा कशाला जाळायचा, बॅटरी खातंय नुसतं, असं म्हणून आकारामनंच ते बटण बसवलं होतं. अंधार पडला की दाब, असं पोराला बजावलंही होतं. पोरगं विसरलं.

मागं किंकाळी उठली. जयराजनं धुळ्याला हवालदाराच्या हातातनं ओढून काढला होता. पहिली काठी डोक्यात बसली. "आवं फौजी, लाइट न्हवती ओ!" धुळा ओरडला, आणि कुणीतरी त्याच्या तोंडावर लाथ घातली. मग दगड सुरू झाले.

"थांबा रं! बटन म्या बसवलंय! चूक माझी हाय!" आकाराम गर्दीत घुसला.

दोघांनी त्याला मायेनं मिठीत धरून मागं ओढलं. "म्हाताऱ्याला भ्रम झालाय. पानी पाजा रं कुणीतरी."

तो हातपाय झाडत राहिला, शिव्या देत राहिला, रडत राहिला. ऐकतंय कोण! माणसांच्या पायांमधनं त्याला धुळ्याचा हात दिसत होता. माती मुठीत धरायला बघत होता तो, मग तेही थांबलं.

जयराज धापा टाकत आला. शर्टावर रक्त उडालेलं. वाकून काकाच्या पाया पडला.

"काका, केलं बघा तुमच्या मनासारखं."

आकारामनं त्याच्या थोबाडीत मारायला हात उचलला. जयराजनं तोच हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला.