तेबोहोची आई

डबी अजून कोमट होती. कांबळ्याच्या आत, पोलक्याच्या आत, डाव्या स्तनाला टेकवून ठेवलेली, झाकण घट्ट, वरून नवऱ्याचा, मोलेफीचा, धुतलेला लोकरी मोजा — आणि टॅक्सी खड्ड्यातून गेली की डबीची कड बरगडीला लागे आणि दिमाकात्सोला बरं वाटे, कारण लागतेय म्हणजे आहे. जुलैची, इथल्या ऐन हिवाळ्यातली सकाळ. मासेरूच्या रस्त्याकडेच्या गवतावर दव गोठलं होतं. थंडी लागू द्यायची नाही, नर्सनं बजावलं होतं. अंगाची ऊब हवी, आणि उशीर नको.

शेजारची म्हातारी अर्धी तिच्या मांडीवरच बसली होती.

"काय गं मे, अंडी आहेत का पोटाशी? एवढी आखडून बसलीस ती."

"हो. अंडीच."

"मग सरक जरा. मी फोडली म्हणशील नंतर."

मे, म्हणजे आई. इथं कुठल्याही बाईला कुणीही म्हणतं, भाजीवालीलासुद्धा, जसं पुरुषाला ताते, बाबा. त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्या नावाचं.

लग्नानंतर मेंढी कापली त्या दिवशी सासूनं हेच कांबळं तिच्या खांद्यावर टाकलं, पिन लावली आणि सगळ्यांसमोर नाव दिलं: मातेबोहो. तेबोहोची आई. सगळ्याच सुनांना देतात, मुलाच्या आधी. मूल मागाहून येतं आणि त्या नावात जाऊन बसतं. तेव्हा ती लाजून हसली होती. मग एक हिवाळा, दुसरा हिवाळा… मातेबोहो, मीठ दे. मातेबोहो, कुत्रं बांधलंस का. आणि ती दर वेळी वळून बघायची, जणू आपल्या मागं दुसरीच कुणी उभी आहे आणि हाक तिला आहे. नणंदेला मुलगा झाला तेव्हा तिला त्याच्यासाठी नेमकं तेबोहो हेच नाव हवं होतं. सासू चुलीवरची लापशी ढवळत शांतपणे म्हणाली, "ते दिलेलं आहे." कुणाला, ते कुणीच विचारलं नाही.

मोलेफी मात्र ते नाव घेत नाही. आधी घ्यायचा, दारातून मोठ्यानं. पहिल्या आययूआयनंतर, नळीनं त्याचं वीर्य तिच्या पोटात सोडायच्या त्या उपचारानंतर — की दुसऱ्या? — तो नुसतं 'अगं' म्हणायला लागला. अगं, चहा. अगं, झोपलीस? दया आहे ती, तिला कळतं. कुणी हातातलं जड भांडं न बोलता काढून घ्यावं तशी. पण भांडं गेलं की हात कसे —

"उतरणार ना तू? अंडी सांभाळ."

चढ. थंड हवा कांबळ्यात शिरू नये म्हणून एका हातानं गळा आवळलेला. पहिल्या खेपेला दवाखान्यातल्या त्या छोट्या खोलीत मोलेफी बराच वेळ बसला आणि रिकामी डबी घेऊन बाहेर आला. बाकावर त्याच्याच चर्चमधले दोघं बसले होते. तेव्हापासून डबी घरून. आज न्हाणीघरातून येऊन त्यानं मोजा तिच्या हातात दिला, खिडकीकडे बघत म्हणाला, "सांडू नकोस, अगं," आणि कामावर गेला, विजेच्या खांबांवर चढायला. ही शेवटची खेप, असं ठरलं होतं. म्हणजे तो काही बोलला नाही, तीही बोलली नाही, तसं ठरलं होतं.

नर्स पालेसानं मोजा काढला, डबी फिरवून बघितली.

"दिमाकात्सो तुम्हीच ना, मे?"

"हो."

"मग ही मातेबोहो कोण?"

मागच्या दोन्ही वेळी नाव इथंच लिहिलं होतं; आज चिकटवलेल्या कागदावर मोलेफीचं अक्षर. पेन दाबून, कागद फाटेपर्यंत.

"नाव जुळल्याशिवाय मला आत देता येत नाही. उद्या दुसऱ्याच कुणाचं निघालं तर?"

"आमचंच आहे."

"मला दिसतंय हो. आत नमुना धुणाऱ्या माणसाला कसं दिसेल?"

डबी काउंटरच्या फरशीवर होती. गार फरशीवर. दिमाकात्सोनं काही न विचारता ती उचलली आणि परत कांबळ्यात घातली, आणि पालेसानं फोन लावला, दोघींना ऐकू येईल असा.

"ताते मोलेफी, डबीवर नाव कुणाचं लिहिलंत?"

"बायकोचं." मागं वारा घोंघावत होता.

"बायकोचं नाव काय?"

"मातेबोहो."

"आणि ओळखपत्रावर?"

"ते तिच्या बापाच्या घरचं नाव. ते मी कशाला लिहू?" मग एकदम, "का? सांडलं?"

"नाही, ताते. आधी खांबावरून खाली उतरा, मग काळजी करा."

त्यानं ते नाव घेतलं. इतक्या दिवसांनी, एका परक्या बाईला, वाऱ्यात लटकून… आणि सकाळी न्हाणीघरात, एकटा, दार लावून, त्याला कुणी सांगितलेलं नसताना, पेन दाबून —

"तुमच्याही तोंडून हवं, मे. तुम्हीच का या?"

हे नाव तिनं कधी स्वतः उच्चारलंच नव्हतं. ते नेहमी बाहेरून यायचं.

"हो. मातेबोहो मीच."

पालेसानं खाली दुसरं नाव लिहिलं, सही केली, डबी घेऊन गेली.

मग बाक. आत धुणं, निवडणं चाललेलं. मग टेबल, दिवा, बारीक नळी; दुखलं नाही, पोटात आत कुठंतरी थंड रेघ ओढल्यासारखं झालं आणि संपलं. पडून राहा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती पडून राहिली. मागच्या दोन्ही वेळी ती इथं पोटाकडे कान लावून होती, पलीकडच्या खोलीत कुणी उठलंय का ते ऐकावं तशी, श्वाससुद्धा मोजूनमापून. आज डाव्या छातीवर डबी होती तिथली जागा तेवढी रिकामी वाटत होती. तिनं हात ठेवला. कातडी अजून ऊबदार होती… डबीची ऊब की तिचीच, सांगता येईना.

पालेसानं दारातून डोकं घातलं. "पाय गारठले असतील. कांबळं देऊ का, मातेबोहो?"

"दे," ती म्हणाली. मागं वळून बघायचं राहूनच गेलं.

कांबळं पायांवर आलं. खिडकीत डोंगरावरचा बर्फ दिसत होता. आता टॅक्सी, मग घर, चूल. अंधार पडायच्या सुमाराला फाटक वाजेल, बूट झटकल्याचा आवाज येईल, आणि मग तो दारातून हाक मारेल — काय म्हणून मारेल? अगं, की… ती त्या हाकेची वाट बघत होती. दुसऱ्या कशाचीच नाही, हे तिच्या मग ध्यानात आलं, आणि तिला थोडं आश्चर्य वाटलं, आणि ती पडून राहिली.