उघडं आणि व्हतं

कामतघरला भूपेशच्या स्टुडिओत मेघाली लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची. हळद, वरमाला, पाठवणी, सगळ्यांना तेच स्लो मोशन. कंटाळा यायचा, पण कामाची किळस कधी आली नव्हती. ती राहनाळच्या केसरीनाथमुळे आली.

केसरीनाथच्या गोडाऊनला आग लागून यादव नावाचा हमाल आत गुदमरून मेला होता. आता केसरीनाथला गावात श्रद्धांजलीची सभा घ्यायची होती आणि पडद्यावर दाखवायला व्हिडिओ हवा होता. शूटिंग भूपेश स्वतः करून आला होता. मेघालीनं हेडफोन लावून रॉ फुटेज, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेलं जसंच्या तसं चित्रण, सुरू केलं.

यादवची बायको द्रौपदी दारात बसून सांगत होती, "मागचं दार उघडं असतं तर माझा माणूस वाचला असता. कुलूप व्हतं."

मग कॅमेऱ्यामागून केसरीनाथचा आवाज आला, "वहिनी, ते राहू द्या. जरा रडा ना. मघाशी रडत होतात तसं."

द्रौपदी त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

मेघालीनं हेडफोन काढला. मागच्या खुर्चीत केसरीनाथ समोसा खात बसला होता. तो उठला आणि त्यानं तेलकट बोट स्क्रीनवर टेकवलं. "इथं 'उघडं' म्हणते ना? आणि पुढं 'व्हतं'. मधलं काढून टाक."

"जोड दिसेल," मेघाली म्हणाली. "चित्र उडी मारतं. जम्प कट होतो."

"वर बी-रोल टाक," भूपेश म्हणाला. "शेठ ब्लँकेट वाटतायत तो शॉट आहे. आवाज बाईचा चालू राहील, दिसेल ब्लँकेट."

मेघालीनं टाइमलाइनवर दोन कट मारले, मधला तुकडा उडवला, टोकं जुळवली. हात सवयीनं चालले. मग तिनं प्ले केलं.

"मागचं दार उघडं व्हतं."

द्रौपदीचाच आवाज, कुठंही न अडखळता. केसरीनाथ तोंडातला घास तसाच ठेवून हसला. "एक नंबर."

मेघाली बेसिनपाशी गेली, चूळ भरली, पण तोंडाची चव जाईना. परत येऊन तिनं जोड पुसला. स्क्रीनवरचा तेलाचा डाग मात्र तिनं पुसला नाही. त्याला हात लावायची तिची तयारी नव्हती.

"मी हे करणार नाही."

"तू नाही केलंस तर मी करीन," भूपेश म्हणाला.

"तुम्हीच करा."

तो तिच्या जागी येईपर्यंत तिनं मूळ क्लिप मोबाइलवर घेतली आणि पर्स उचलून निघाली.

सभेच्या सकाळी ती द्रौपदीला क्लिप दाखवायला राहनाळला पोचली, तर द्रौपदीला आधीच पहिल्या रांगेत नेऊन बसवलं होतं. जवळ जाता येईना. पडद्यावर ब्लँकेट दिसलं आणि आवाज आला, "मागचं दार उघडं व्हतं."

द्रौपदी उभी राहिली. "आवाज माझा हाय," ती म्हणाली. "बोलणं माझं न्हाय."

"वहिनींना दुःखानं सुचत नाहीये, बसवा त्यांना," केसरीनाथ स्टेजवरून म्हणाला. दोन बायकांनी तिचे दंड धरले.

मेघाली गर्दीतून पुढं घुसली आणि निवेदकाच्या माइकला तिनं मोबाइल लावला. कुलूप सगळ्यांनी ऐकलं. मग "जरा रडा ना" हेही ऐकलं. मागच्या रांगेतले हमाल उठून उभे राहिले. यादवचा भाऊ अनंता स्टेजकडे निघाला.

"हे एडिट केलेलं आहे," केसरीनाथ म्हणाला. त्यावर मागून कुणीतरी थुंकलं.

पोलिसांनी क्लिप घेतली, जबाब घेतले. गुन्हा दाखल झाला. केसरीनाथ जामिनावर बाहेर आहे. मेघालीची नोकरी गेली.

जबाबाच्या दिवशी पोलीस स्टेशनच्या बाकावर द्रौपदीनं तिला विचारलं, "ते माझ्या तोंडात घातलेलं कोनी जोडलं?"

"पडद्यावरचं भूपेशनं. पण पहिल्यांदा मीच जोडून बघितलं होतं. मग पुसलं."

द्रौपदीनं पदर आवरून घेतला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसली.