उद्या, नक्की उद्या

भुताखेतांच्या सिनेमाचं मास्तरांना भारी वावडं. "आपल्या पायानं जाऊन घाबरून यायचं, हा कुठला शहाणपणा?" असं ते शिवणाच्या मशीनवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सुनवायचे. पण या वेळी सुटका नव्हती. राक्षसाच्या या नव्या सिनेमातले सगळे आवाज त्यांच्या लेकीनं केले होते. चांगली तिशीची झाली, तरी घरात ती अजून छकुलीच. दुपारच्या खेळाची तिकिटं तिनं कात्रीखाली दाबून ठेवली आणि बजावलं, "बाबा, शेवटपर्यंत बसायचं. आणि झोपायचं नाही."

झोपायचं नाही, हे ती उगाच म्हणाली नव्हती. हल्ली मास्तरांचा कुठेही डोळा लागायचा. रात्रभर झोपूनही सकाळी डोकं ठणकायचं, अंग जड असायचं. परवा तर मशीनवरच डुलकी आली आणि एका भल्या माणसाच्या कोटाच्या उजव्या खांद्याला डावी बाही लागली. छकुलीनं कधीपासून धोशा लावला होता, "डॉक्टरांना दाखवू या. झोपेत तुमचा श्वास अडकतो." मास्तर ते हसण्यावारी न्यायचे. "अगं, घोरतो तो सुखी! तुझ्या आईची आहे का काही तक्रार?" आईची कशी असणार? ती बिचारी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवायची आणि मगच उशीला डोकं टेकायची. छकुली फारच हटून बसली, की मास्तरांचं एक ठरलेलं उत्तर असे, "जाऊ गं. उद्या, नक्की उद्या."

शिंप्याचा उद्या कसा असतो, ते गिऱ्हाइकांना विचारा.

सिनेमा सुरू झाला. मास्तर मध्ये, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला लेक. गोष्ट साधीच होती. एक कुटुंब तळघरात अडकलंय आणि वर, दाराशी, तो राक्षस झोपलाय. त्याचा श्वास चालू असेपर्यंत हलायचं. श्वास थांबला की तो जागा झाला, कान देऊन ऐकतोय, म्हणून जागच्या जागी गोठायचं. राक्षस पहिल्यांदा दिसला तेव्हा मास्तरांना हसूच आलं. पाठीवरची शिवण उसवलेली आणि काखेत चांगल्या दोन चुण्या! "माप घेतलं नाही कुणी याचं," ते पुटपुटले. पण तो दिसेनासा झाला आणि नुसता श्वास उरला, तेव्हा हसू कुठल्या कुठे पळालं. खर्रर्र, मग बारीक शिट्टी, पुन्हा खर्रर्र. छातीवर कुणीतरी दगड ओढत नेतंय असं वाटत होतं. वैताग आला, उठून जावंसं वाटलं, पण पाय हलेनात. आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटत होता. पोरीनं काय जीव ओतलाय!

तेवढ्यात श्वास थांबला.

सगळं थिएटर चिडीचूप. पडद्यावरच्या आईनं लेकराच्या तोंडावर हात दाबला. थांबला तो थांबलाच. चालू हो रे मेल्या, असं मास्तर मनातल्या मनात त्या राक्षसालाच विनवू लागले. शेवटी हिसका बसल्यासारखा एक घुर्रर्र आवाज आला, सगळ्यांनी सुस्कारा सोडला, आणि त्या गुरगुरण्याच्या बुडाशी कुणीतरी जडशा जिभेनं बरळलं, "...द्या... नक्की उद्या..."

मास्तर जागीच थिजले. आपलं घोरणं माणसाला कुठून ओळखू येणार? पण हे शब्द? हे तर त्यांचं रोजचं पोटापाण्याचं वाक्य! रागानं त्यांनी लेकीकडे वळून पाहिलं. बापाला राक्षस केलंस होय गं? पण छकुली पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि तिनं खुर्चीचा हात गच्च धरला होता.

पुढचं त्यांना धड दिसलंच नाही. श्वास थांबला की बाकीची माणसं राक्षसाला भ्यायची आणि मास्तर भ्यायचे, तो श्वास आता परत सुरूच झाला नाही तर, म्हणून.

खेळ सुटल्यावर जिन्याशी बायको म्हणाली, "त्यात काय एवढं घाबरण्यासारखं? मला तर बाई काहीच वाटलं नाही." आरडाओरडा नको म्हणून तिनं यंत्र पहिल्याच किंकाळीला काढलं होतं. ते पर्समध्ये शोधत ती पुढे गेली.

मास्तर कठड्याला धरून उभे राहिले. "कधी केलंस हे?"

"तुमच्या दाराबाहेर माइक ठेवला होता. तुम्हालाच ऐकवायला," छकुली म्हणाली. "पण तुम्ही ऐकायलाच तयार नव्हता. म्हणून मग सिनेमात घातलं. म्हटलं, इथून उठून तरी जाणार नाहीत."

"ती शांतता मात्र फार ताणलीस हं. एवढा वेळ कुणाचा श्वास बंद राहतो का?"

"दिग्दर्शकही हेच म्हणाले. कमी कर म्हणाले." छकुली म्हणाली. "मी ती ताणलीही नाही आणि कापलीही नाही, बाबा. ती तेवढीच आहे. रोज रात्री मी भिंतीला कान लावून बसते आणि म्हणते, घ्या ना बाबा, श्वास घ्या ना."

मास्तरांच्या मनात आलं, मघाशी थिएटरात आपला जीव तेवढ्याशा वेळात टांगणीला लागला होता. ही पोर रोज रात्री एकटी त्या तळघरात बसते आणि सकाळी आपल्या हातात चहा देते. सवयीनं जिभेवर तोच शब्द आला. तो त्यांनी गिळला.

"दवाखाना कधी उघडतो?"

"उघडला असेल आता." छकुलीनं डोळे पुसले. "पण आज तो कोट द्यायचाय ना तुम्हाला? माणूस यायचाय संध्याकाळी."

"त्याला फोन कर," मास्तर जिना उतरू लागले, "आणि सांग, उद्या. नक्की उद्या."