चकत्यांवर उभी गाडी

सुपीरियर सरोवरावरून पहिला बर्फ यायच्या आत पिकअपच्या पुढच्या चाकांना जाड स्प्रिंगा बसवून देतो, असं रूडीनं कबूल केलं होतं. रूडी म्हणजे ॲनिकाचा दीर. बर्फ लोटायचं अवजड पातं गाडीच्या तोंडाशी लटकणार आणि त्याच गाडीतून तिचा नवरा वेस त्यांच्या छोट्या मुलीला, एल्सीला, पाळणाघरात सोडणार, म्हणून ॲनिका सारखी मागे लागली होती.

"बघ, गाडीचं नाक कसं वर आलंय," काम उरकून रूडी म्हणाला.

ॲनिकानं वाकून चाकामागं पाहिलं. स्प्रिंगा जुन्याच होत्या, गंजलेल्या. त्यांच्यावर नुसत्या जाड चकत्या सारल्या होत्या.

"हे तर पायाखाली स्टूल दिल्यासारखं झालं. उंची वाढली, जोर कुठे वाढला?"

"झालं, बाईंचं कॉलेज भरलं. वेस, आवर रे हिला."

वेस हसला. तिला तेच जास्त लागलं.

"पातं जोडा," ती म्हणाली, "आणि उचलून दाखवा."

पातं जमिनीवरून उचललं तशी गाडीनं मान टाकली. चाकामागचा रबरी ठोकळा पार चेपून बसला. स्प्रिंगांना हलायला जागाच उरली नाही.

"हळू चालवायची म्हणजे झालं," रूडी पुटपुटला.

"तुझी पोरगी बसव की मग हिच्यात."

ॲनिकानं मागचं दार उघडलं, पट्टे सोडवून एल्सीची खुर्ची बाहेर काढली आणि वेसकडे वळली. "आजपासून एल्सीला मी सोडणार, माझ्या गाडीतून. तू हस निवांत."

वेस आता हसत नव्हता. त्यानं पातं खाली टेकवलं आणि जॅक ओढून घेतला. "रूडी, काढ त्या चकत्या."