पळसावरचा पिवळा

चोचीचा तो एवढासा लाल ठिपका… वंदनाचं बोट त्याच्याशी येऊन थांबलं, आणि चित्राखालच्या नावावर तिनं पटकन अंगठा ठेवला.

"पक्ष्यांची दोनच मिळाली नागपूरले," सौसर गावातल्या आपल्या पुस्तकांच्या चिंचोळ्या दुकानात शालिकराम सांगत होता. "मराठीवाल्यात चित्रं नाहीत, नुसती माहिती. हे इंग्रजी, पण रंगीत. तुमी आता शिकून राहिल्या ना बाई, मंग रंगीतच घ्या."

शिकून राहिल्या — खरंच, मुलांना पाढे शिकवणारी ही बाई दिवाळीपासून गळ्यात दुर्बीण अडकवून संत्र्यांच्या बगीच्यांतून भटकत होती, लोक हसले तरी. कुणाला सांगायचं की हा सगळा खटाटोप एका पिवळ्या पक्ष्यासाठी, लहानपणी पांढुर्ण्याच्या गोटमारीत, दोन गावांच्या त्या दगडफेकीच्या जत्रेत पाहिलेल्या? जाम नदीच्या पात्रात जंगलातून आणून रोवलेला पळस, अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, मधे नुसते दगड… ती वडिलांच्या, दादांच्या खांद्यावर, रडून रडून लाल झालेली, आणि त्यांचा तळवा तिच्या हनुवटीखाली — "वर पाह्य बेटा, वर! तो पिवळा पाह्य. आपलं झाड शोधत जंगलातून आला बिचारा."

बिनचित्रांचं घेतलं तर तो पक्षी तसाच राहणार होता, बिननावाचा, दादा गेल्यावरही तिचा. आणि रंगीत घेतलं तर… तिनं अंगठा सरकवला. हळद्याच की हा! खाली लिहिलं होतं, आमराईत, बगीच्यांत, सगळीकडे आढळतो. फार लाजाळू, चाहूल लागताच पानांत दडतो.

लाजाळू. परवा तिच्या नुसत्या खोकण्यानं पाखरांनी अख्खी चिंच रिकामी केली होती. मग त्या गर्दीत, ढोलांत, दगडांत कोणता पक्षी पळसावर बसेल? बसलाच नसेल. पण तिनं तर पाहिला होता, असाच, या लाल चोचीसकट…

आणि आठवलं ते भलतंच. मुठीत धरलेले दादांचे घामेजलेले केस. त्यांची मान वर नव्हतीच. ती ताठ, समोर — जिथं त्यांचा धाकटा भाऊ, चिंधूकाका, पाण्यात पडला होता आणि उठत नव्हता. तिला वर पाहायला लावून ते सगळं दादांनी एकट्यानंच पाहिलं होतं.

"कोणतं बांधू, बाई?"

तिची हनुवटी आपोआप वर गेली होती, दुकानाच्या पत्र्याकडे. ती खाली आणायची तिला फार भीती वाटली — आणि पहिल्यांदाच, दादांच्या सोबतीनं, खाली पाहावंसंही वाटलं.